तुटकं परत पाण्यात

१

मोजणीबाईला संस्थेत कुणी नावाने हाक मारत नसे. नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. समुद्री जिवांच्या संग्रहाच्या तळघरात ती तेरा वर्षं बसत होती आणि तेरा वर्षं एकच काम करत होती. बरणीचं झाकण काढायचं, स्पिरिटचा वास सोसायचा, चिमट्याने तारामासा उचलून पांढऱ्या ट्रेमध्ये पसरायचा आणि कॅलिपर लावून मोजायचा. मधल्या चकतीपासून हाताच्या टोकापर्यंत किती, चकतीच्या कडेपर्यंत किती, हात किती, काटे किती. पेन्सिलने चिठ्ठी लिहून बरणीतच टाकायची, झाकण लावायचं, पुढची बरणी. आता तुम्ही म्हणाल, हे काय काम झालं? तिला विचारून बघा. एका मिलिमीटरवरून तिने भल्याभल्यांशी भांडणं केली होती आणि एकही हरली नव्हती.

गेली दोन वर्षं तिच्या टेबलावर एकच जात होती. तिला अजून कुणी नाव दिलं नव्हतं. दोन हजार मीटरच्याही खाली, जिथे उन्हाचा कणसुद्धा पोचत नाही आणि पाणी बारा महिने बर्फाइतकं गार असतं, तिथली ही जात. किनाऱ्यावर सापडतो तो पाच हातांचा जाडजूड तारामासा डोळ्यांपुढे आणू नका. याची चकती कोटाच्या बटणाएवढी, आणि तिच्यातून निघालेले वीतभर लांब, बारीक, तांबूस हात, पाचाहून कितीतरी जास्त. हातांच्या खालच्या अंगाला मऊ, नळीसारख्या शेकडो पायांच्या रांगा. प्रत्येक हाताच्या टोकाला एक ठिपका, तोच डोळा. डोकं नाही. पुढची बाजू नाही, मागची नाही. आणि स्वभाव असा की जरा धक्का लागला की हात टाकून मोकळा. टाकलेल्या हाताच्या जागी नवा फुटतो. टाकलेल्या हाताला चकतीचा कण चिकटून राहिला असेल तर त्या हातालाच उरलेला सगळा तारामासा फुटतो.

त्यामुळे जाळं वर आलं की निम्मे तुटलेले असायचे. मोजणीबाईला अख्खे हवे होते. म्हणून तिने जहाजावरच्यांना स्वतः कागद लिहून दिला होता: "अख्खे तेवढे स्पिरिटमध्ये. तुटकं सगळं लगेच, त्याच जागी, परत पाण्यात." तुटक्यांत कुठे जीव उरला असेल तर तो तिथे पुन्हा धरावा, वस्ती उजाड होऊ नये, एवढाच तिचा हेतू. कागद जाळ्याची तार गुंडाळणाऱ्या विंचशेजारी चिकटवला होता. चिकटवणारा तिचा नवराच, कारण विंच तोच चालवायचा.

"एवढे हात," तो ताटावर बसून म्हणायचा, "आणि घरी येऊन एक भांडं विसळत नाहीत तुझी पोरं."

"बापावर गेलीत," ती म्हणायची.

२

मग एका सकाळी तार सरकली आणि त्याचा डावा हात मनगटापासून गेला.

डेकवर एकच धावपळ. कुणी त्याला धरतंय, कुणी पट्टी आवळतंय, कुणी ओरडतंय. त्या गडबडीत जाळं तसंच सांडून पडलं होतं, चिखल, तुटके तारामासे, रक्त, सगळा रेंदा. जहाजाचा कप्तान म्हातारा, शिस्तीचा माणूस. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने तेवढंच केलं जे दर वेळी व्हायचं. कागद बघितला, पाण्याचा पाइप उचलला आणि डेक धुऊन काढला. हातही त्यातच समुद्रात गेला याचं भान त्याला आलं तेव्हा पाणी सपाट झालं होतं. हे त्याने नंतर स्वतः मोजणीबाईला सांगितलं, मान खाली घालून. तिने त्याला दोष दिला नाही. कुठल्या तोंडाने देणार? अक्षर तिचं होतं.

जखम छान भरली. डॉक्टर खूश. पण घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी नवरा जेवता जेवता थांबला.

"हात आहे अजून," तो म्हणाला.

डॉक्टरांनी हे आधीच बजावलं होतं. गेलेला हात डोक्यातून लगेच जात नाही, महिनोन्‌महिने खाजतो, दुखतो, घाबरू नका.

"दुखतोय का?" तिने विचारलं.

"दुखत नाही गं. गार आहे. चिखलात ठेवल्यासारखा." त्याने हसायचा प्रयत्न केला. "आणि वरून तुझी पोरं चालतायत. बारीक बारीक पायांनी. गुदगुल्या होतात."

तिने वाटीतलं वाढलं. रोज रात्री जेवताना त्या पायांचं कौतुक तीच तर करायची, त्याच्या डोक्यात ते बसलं असणार, त्यात काय एवढं!

"ते आडवे नाही बसत," तो पुढे म्हणाला. "दोन-तीन हात टेकतात, बाकीचे सगळे वर. सगळे एकाच बाजूला कललेले, वाऱ्याला तोंड दिल्यासारखे."

मोजणीबाईचा हात वाटीतच राहिला. ती जात जिवंत बसलेली आजवर कुणीच पाहिली नव्हती. तिने स्वतः पाहिले ते सगळे मेलेले, ओल्या दोऱ्यासारखे ट्रेमध्ये पडलेले. ते कसे बसत असतील यावर तिने दोन वर्षं डोकं खाजवलं होतं आणि कागदावर ती जागा कोरी सोडली होती.

३

"मला कोपरं दोन आहेत," तो एका सकाळी म्हणाला.

नणंद तेव्हा राहायला आली होती. नवऱ्याची थोरली बहीण, बोलायला फटकळ, जिवाला जीव देणारी. तिने कपाळाला हात लावला. "डावं नि उजवं, दोनच असतात रे बाबा!"

"डावीच दोन आहेत, ताई. एक हे टेबलावर. एक तिकडे."

मोजणीबाई हसली नाही. आदल्या दिवशी त्याच्या टेबलावरच्या कोपरावर गरम चहा सांडला होता. कातडी लाल झाली, फोड आला, आणि त्याने वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. तिने टाचणी आणली. मनगटाच्या खुंटापासून टोचत वर गेली. काही नाही, काही नाही, काही नाही. कोपराच्या वर दोन बोटं गेल्यावर तो "आई गं" म्हणाला. तिथे तिने पेनाने रेघ मारली. मग काय वाटलं कोण जाणे, पर्समधून कॅलिपर काढला आणि खुंटापासून रेघेपर्यंतचं अंतर मोजून कॅलेंडरवर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी रेघ बारा मिलिमीटर वर होती. तिसऱ्या दिवशी आणखी बारा.

माझंच चुकत असेल, तिने स्वतःला समजावलं. टाचणी वाकडी धरली असेन. रोज डोळे मिटायला लावून, जागा बदलून, उलट्या बाजूने येऊन तिने टोचून बघितलं. पण मोजण्यात ती कधी चुकत नसे, आणि हे तिला माहीत होतं, हेच तर वाईट होतं. जेवढं अंग इथलं मुकं होत होतं तेवढंच तिकडे गार लागत होतं. एक बोटभर इथून कमी, एक बोटभर तिथे जास्त.

डॉक्टरांनी यंत्रात घालून तपासलं. नस शाबूत, रक्त शाबूत. "मनाला धक्का बसलाय," ते म्हणाले. "वेळ द्या."

वेळच तर नव्हता. तळघरात बसून तिने हिशेब केला. बारा मिलिमीटरने खांदा इतक्या दिवसांत. खांद्यापासून मान इतक्या. मानेच्या पुढे तिने पेन्सिल नेली नाही. त्या दिवशी तिच्याकडून एक बरणी फुटली, तेरा वर्षांत पहिल्यांदा.

४

खांद्याशी आल्यावर रेघेला फाटे फुटले आणि वेगही वाढला. एक मानेकडे, एक छातीवरून, एक पाठीवरून खाली. मोजणीबाई रोज सकाळी त्याला खिडकीशी बसवून उघडा करायची आणि तिन्ही रेघा पुढे सरकवायची. जुन्या रेघा पुसायला तो नको म्हणायचा. "राहू दे, किती गेलो ते कळतं," म्हणायचा. त्याचं अंग हाताला ऊबदारच लागायचं, श्वास चालायचा, जेवायचाही. पण भरवताना घास छातीवर सांडायचा आणि त्याला कळायचं नाही.

"अहो, प्रयत्न करा ना," ती एकदा रडवेली होऊन म्हणाली. "इकडे लक्ष द्या. इकडे! हा बघा माझा हात तुमच्या छातीवर."

"कुठे?" त्याने विचारलं. नुसतं, साधं विचारलं. तिने हात काढून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली.

नणंद मागे आली. "हे बघ, मी अडाणी बाई," ती म्हणाली. "पण तुला काहीतरी ठाऊक आहे आणि तू बोलत नाहीस. माझा भाऊ आहे तो. बोल."

मोजणीबाई बोलली. तुटलेल्या हाताला काय काय फुटतं ते सगळं. कागदाचंही सांगितलं. नणंदेने चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं.

"तारामाशाचं झालं ते," ती म्हणाली. "माणसाचं नाही होत असं."

"नाहीच होत, ताई."

"मग?"

"मग पाठीवरची रेघ तुम्हीच बघून या."

नणंद गेली नाही. पदराने तोंड पुसून म्हणाली, "तिकडचं ते वर काढलं तर?"

हेच मोजणीबाईच्या मनात चार दिवस घोळत होतं. इतक्या खोलवरचं जे जे वर येतं ते वाटेतच मरतं. ऊब लागून, दाब सुटून, पिठाच्या गोळ्यासारखं होऊन येतं. तिने एकही जिवंत पाहिला नव्हता तो याच कारणाने. तिकडचं मेलं, तर जे तिकडे गेलंय त्याला परत इकडेच यावं लागेल. कुठे जाईल दुसरं? शास्त्रात याला काडीचा आधार नव्हता. पण बुडत्या बाईने शास्त्र विचारायचं की हात मारायचे?

५

कप्तानाने तिचं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही. वेड लागलंय असंही म्हणाला नाही.

"मला आजही पाइपचं पाणी दिसतं," तो म्हणाला. "कामाला म्हणून निघू. तुमच्या त्या जातीची राहायची जागा कॅमेऱ्याने बघायची राहिलीय ना? तसं लिहून द्या. कॅमेरा खाली सोडू, दिसलं तर जाळं टाकू."

"दिसलं तर," ती म्हणाली.

"बाई, न दिसो अशीच प्रार्थना करा."

निघायच्या सकाळी रेघ हनुवटीच्या खाली होती. नवरा उशांना टेकून बसला होता. जीभ जड झाली होती, तरी बोलत होता. तिने वाकून त्याच्या कपाळाला गाल लावला, कारण तिथेच काय ते त्याला कळणार होतं.

"लवकर ये," तो म्हणाला. "एकट्याला तिकडे करमत नाही."

तिने विचारलं नाही, तिकडे म्हणजे कुठे. नणंदेला फोन हातात देऊन ती म्हणाली, "ताई, मी लावला की तोंडाशी धरा. मध्येच ठेवू नका, काही झालं तरी."

दोन दिवसांच्या वाटेत तिने काही खाल्लं नाही. उलट्या काढल्या आणि कॅलिपर उघडमीट करत बसली.

६

अकरा वाजता, लख्ख उन्हात, कॅमेरा पाण्यात गेला. जहाजाच्या पोटातल्या छोट्या खोलीत पडद्यासमोर ती आणि कप्तान. कॅमेऱ्याला दोन दिवे होते आणि पाण्यातला आवाज टिपणारा माइक. पडद्याच्या कोपऱ्यात मीटरचा आकडा वाढत होता. निळं गेलं, काळं आलं, मग तासभर नुसतं काळं, त्यात वरून पडणारे पांढरे कण. माइकमधून दूरच्या पंख्यासारखी घरघर.

दोन हजार एकशे चाळीस. तळ आला.

राखाडी चिखल, मधून मधून काळे खडक. आणि खडकांवर, चिखलावर, नजर जाईल तिथवर, ते. दोन-तीन हात टेकलेले, बाकीचे वर, सगळे एकाच बाजूला कललेले. प्रवाहात वाहून येणारा चारा झेलत.

एरवी हे बघायला मिळालं असतं तर मोजणीबाई आनंदाने नाचली असती. तिने जहाजावरच्या सॅटेलाइट फोनवरून घरी फोन लावला.

"ताई, कसे आहेत?"

"काल रात्री रेघ कानापर्यंत होती," नणंदेचा आवाज चिरकला. "आज कुठे टोचू तेच कळत नाही गं. डोळे उघडे आहेत पण माझ्याकडे बघत नाही. थांब, धरते त्याच्या तोंडाशी."

श्वास ऐकू आला. संथ, लांबलांब.

"थोडं डावीकडे न्या," ती कप्तानाला म्हणाली. कॅमेरा सरकला. खडकाच्या आडोशाला ते इतके दाट बसले होते की खालचा चिखल दिसत नव्हता. एकावर एक, तांबूस ढीग, लांबट. माणूसभर लांब. दिव्याचा झोत पडला आणि कडेचे काही हळूहळू बाजूला सरकले.

खाली पांढरं होतं. ओलं, गुळगुळीत, पालथं पडलेलं. मधोमध मणक्यांची ओळ.

कप्तान देवाचं नाव घेऊन मागे सरला.

"अगं," फोनमधून नवरा म्हणाला. स्वच्छ आवाज, जीभ जड नाही, काही नाही. "दिवा काढ. डोळे अजून नवीन आहेत."

७

"बाई," कप्तान म्हणाला. त्याचा हात जाळ्याच्या बटणावर होता. "टाकू जाळं? सांगा चटकन."

त्यासाठीच तर ती आली होती. एक शब्द बोलायचा होता. जाळं जाणार, तो ढीग खरवडून उचलणार, वर येता येता ते मरणार आणि घरी तिचा माणूस डोळे मिचकावून ताईकडे बघणार. तिने तोंड उघडलं.

"अहो," ती फोनमध्ये म्हणाली, "तुम्ही कुठे आहात?"

"इथे."

"इथे म्हणजे? घरीच ना? ताईजवळ ना?"

"घरी कोण आहे?" त्याने विचारलं.

पडद्यावर ती पाठ श्वास घेतल्यासारखी किंचित वर झाली आणि खाली गेली. फोनमधला श्वास तेव्हाच आत गेला आणि बाहेर आला. तिने दोनदा ताडून पाहिलं, तिसऱ्यांदाही पाहिलं. मग तिला कळून चुकलं की रेघ डोक्यावरून केव्हाच पार झाली, आणि ती ज्याला मारायला आली होती तोच आता तेवढा उरला होता.

"नका टाकू," ती म्हणाली.

"बाई, विचार करा."

"नका टाकू म्हणते ना! वाटेत मरतील ते. दिवा बंद करा. त्यांना त्रास होतोय."

कप्तानाने दिवे बंद केले. पडदा काळा झाला. त्याच सुमारास फोनमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि नणंद. "अगं, श्वास थांबला. अगं ऐकतेस का? हलवते तरी हलत नाही. गेला गं, माझा भाऊ गेला!"

मोजणीबाईने फोन मांडीवर ठेवला. रडणं त्यातून येत राहिलं. तिला वाटलं आपणही रडावं, पण छातीत दुसरंच काहीतरी होत होतं, वेडी म्हणा हवं तर, पण दिलासा होता तो. गेले नाहीत. आहेत. अंधारात, गारठ्यात, पण अख्खे आहेत. हातसुद्धा परत आलाय. हात गेल्यापासून तो उशीत तोंड खुपसून रडायचा, ते तिने ऐकलं होतं.

माइकमधून आवाज आला. कॅमेऱ्याच्या लोखंडी चौकटीवर काहीतरी टेकलं. हलकंच. टक्.

"ते धरतायत," ती कुजबुजली. "कॅमेरा धरतायत. हलवू नका."

टक्. टक्. एकेक बोट टेकावं तसं, सावकाश, चाचपडत. ती मोजत होती. न मोजून कशी राहील? तीन. चार. पाच. मग क्षणभर थांबून चौकटीच्या दुसऱ्या बाजूला सहा. सात. दुसरा हात. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती हसायला लागली. आठ. नऊ. दहा.

"दोन्ही आहेत," ती कप्तानाला म्हणाली. "दोन्ही हात आलेत हो!"

कप्तान स्पीकरकडे बघत होता.

टक्. अकरा.

मग चौकटीच्या खालच्या बाजूला बारा, वरच्या बाजूला तेरा, आणि मग सगळीकडून एकदम, इतक्या भरभर की तेरा वर्षांत पहिल्यांदाच मोजणीबाईची मोजणी चुकली.